चोपन्न गाण्यांचा फेरा : जुन्या गाण्यांच्या एका एफएम केंद्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या शहरातील खासगी एफएम केंद्राचे आहे. ओळख पटू नये म्हणून शहर, कंपनी आणि माणसे यांचे तपशील वगळले आहेत. एफएम परवान्यांच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०१५ पासून झालेल्या लिलावांत, एकाच कंपनीला एका शहरात एकाहून अधिक वाहिन्या चालवण्याची मुभा मिळाली. त्या शहरात नव्या चित्रपटगीतांचे एक केंद्र आधीपासून चालवणाऱ्या या कंपनीने दुसरी वाहिनी घेतली आणि ती जुन्या हिंदी गाण्यांसाठी राखून ठेवली. एकच श्रोता दोन्हीकडे विभागला जाऊ नये, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

जुन्या गाण्यांच्या श्रोत्याला आपल्याकडे आकाशवाणीने घडवले आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिराती लागू लागल्या. तरीही गाण्यांची निवड मुख्यतः निवेदक, ग्रंथपाल आणि फर्माईशीची पत्रे यांच्या हाती राहिली. खासगी केंद्राची रीत वेगळी आहे. तिथे गाण्यांच्या याद्या श्रेणींत विभागतात, प्रत्येक तासाचा आराखडा ठरतो (केंद्रात त्याला ‘क्लॉक’च म्हणतात), आणि कोणत्या जागी कोणते गाणे जाईल हे संगणकातील आखणी-प्रणाली ठरवते. निवेदकाला स्वतःच्या आवडीने गाणे लावता येते, असा समज श्रोत्यांमध्ये अजून आहे. प्रत्यक्षात दुपारच्या निवेदिकेला तिची गाणी स्टुडिओत येऊन बसल्यावरच कळत असत.

या केंद्राचा संग्रह सुमारे पाचशे गाण्यांचा होता. ‘अ’ श्रेणीत सर्वांत परिचित अशी ५४ गाणी, ‘ब’ श्रेणीत १०८ आणि उरलेली ‘क’ श्रेणीत होती. जाहिराती आणि निवेदन वजा जाता एका तासात अकरा गाणी बसत. त्यांपैकी चार ‘अ’मधली, चार ‘ब’मधली आणि तीन ‘क’मधली असत. सकाळी ६ ते मध्यरात्र असे अठरा तास हा आराखडा चाले आणि रात्री ध्वनिमुद्रित कार्यक्रम लागे.

ही पाचशे गाणी फोनवरच्या चाचणीतून निवडलेली होती. या चाचणीत गाण्याचा सात ते दहा सेकंदांचा तुकडा, ज्याला व्यवसायात ‘हूक’ म्हणतात, ऐकवून तीन गोष्टी विचारतात : गाणे ओळखता का, आवडते का, आणि ऐकून कंटाळा आला आहे का. अमेरिकेत जुन्या गाण्यांची केंद्रे हेच काम सभागृहात शे-दीडशे लोक जमवून, एका बैठकीत शेकडो तुकडे ऐकवून करून घेत असत. मध्यम शहराला तो खर्च परवडत नाही, म्हणून फोनचा मार्ग धरला होता.

समस्या

सुरुवातीचे वर्ष बरे गेले. त्यानंतर ‘तीच तीच गाणी लागतात’ ही तक्रार येऊ लागली आणि वाढत गेली. संगीत केंद्राच्या कार्यालयात ही तक्रार कोणी फार मनावर घेत नाही, कारण ती सर्वच केंद्रांना ऐकावी लागते आणि तिला एक ठरलेले उत्तरही आहे : तक्रार करणारा दिवसभर ऐकणारा असतो, जाहिरातदाराला हवा असलेला श्रोता मात्र वीस मिनिटे ऐकून निघून जातो आणि त्या वीस मिनिटांत त्याला ओळखीचेच गाणे हवे असते. या उत्तरात तथ्य आहे. पण ते इतके सोयीचे आहे की एकदा दिले की कोणी पुढे पाहत नाही.

इथे मात्र दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पहिली अशी की तक्रारी बहुतेक दुकाने, सलून, शिवणकामाचे वर्ग आणि छोट्या कारखान्यांतून येत होत्या, म्हणजे जिथे रेडिओ रोज ठरावीक वेळी लागतो अशा ठिकाणांहून. स्थानिक जाहिरातदारांपैकी बरेच जण याच वर्गातले होते. दुसरी गोष्ट एका भांडी-दुकानदाराच्या फोनमुळे समोर आली. त्यांनी म्युझिक मॅनेजरला सरळ विचारले, “अहो, आता यानंतर कुठलं लागणार, सांगू का?” आणि त्यांनी सांगितलेले गाणे मधल्या दोन-तीन गाण्यांनंतर खरोखरच लागले. एखादे गाणे वारंवार लागते ही एक गोष्ट झाली. कशानंतर काय लागेल हे श्रोत्याला सांगता येणे ही अगदी निराळी गोष्ट आहे, आणि हा फरक तेव्हा फक्त म्युझिक मॅनेजरच्या लक्षात आला.

मोजमापाचा आधारही तोकडा होता. रेडिओच्या श्रोत्यांची नियमित मोजणी देशात मोजक्या महानगरांपुरतीच झालेली आहे. अशा शहरात स्वतःचे फोन-सर्वेक्षण, सेल्सच्या लोकांनी दुकानांतून आणलेली माहिती आणि रिक्षा थांब्यांवरची विचारपूस एवढ्यावरच निर्णय घ्यावे लागतात.

विचारात घेतलेले पर्याय

बैठकीत चार पर्याय मांडले गेले आणि प्रत्येक पर्यायामागे एक-एक खाते होते.

कार्यक्रमप्रमुखांचे म्हणणे असे की संग्रह दुप्पट करावा. श्रोते तीच मागणी करत होते आणि गाण्यांचा तुटवडा नव्हता. खर्चाचाही प्रश्न फारसा नव्हता. खासगी एफएमने गाण्यांच्या हक्कधारक कंपन्यांना द्यायच्या मानधनाबाबत कॉपीराइट मंडळाच्या ऑगस्ट २०१० च्या आदेशाने निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के हा दर ठरला होता. मानधन उत्पन्नाच्या टक्केवारीत असल्यामुळे आधीच करार असलेल्या कंपन्यांच्या संग्रहातून आणखी पाचशे गाणी घेतली तरी एकूण रक्कम वाढणार नव्हती. (३१ डिसेंबर २०२० च्या बौद्धिक संपदा अपीलीय मंडळाच्या आदेशानंतर हिशेब वाजवलेल्या तासांवर आला. त्यामुळे आजच्या वाचकाने हा भाग जसाच्या तसा लागू करू नये.) आक्षेप असा होता की पाचशेच्या पुढची गाणी चाचणीत ओळखीच्या कसोटीवर नापास झालेलीच होती. अनोळखी जुने गाणे हे नव्या अनोळखी गाण्याहून अधिक धोक्याचे असते, कारण नव्या गाण्याबद्दल निदान उत्सुकता तरी असते.

सेल्सप्रमुखांचे म्हणणे असे की मुळात ‘जुने’ याची व्याख्याच पुढे सरकवावी, पन्नास आणि साठच्या दशकांतील गाणी कमी करून नव्वदचे दशक आणावे. त्यांच्याकडे दोन पुरावे होते. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांच्या १९८९ मधील अभ्यासात असे आढळले होते की माणसाची सर्वाधिक पसंती तो साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना लोकप्रिय असलेल्या गाण्यांना असते. हा हिशेब लावला तर त्या वेळी, म्हणजे २०१८ मध्ये, पन्नास वर्षांच्या श्रोत्याचे ‘जुने’ गाणे १९९१-९२ चे ठरत होते. दुसरा दाखला न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम या केंद्राचा होता. १९७२ पासून जुनी गाणी लावणाऱ्या या केंद्राने ३ जून २००५ रोजी अचानक आपले स्वरूप बदलले, श्रोत्यांनी मोठा गदारोळ केला आणि १२ जुलै २००७ रोजी जुनी गाणी परत आली. मात्र परतताना यादीचा भर पन्नासच्या दशकावरून पुढे, साठ ते ऐंशीच्या दशकांकडे सरकलेला होता.

हा दाखला दोन्ही बाजूंनी वापरता येतो, आणि बैठकीत तसाच तो वापरला गेला. सेल्सने त्यातून व्याख्या पुढे सरकणे अटळ असल्याचा अर्थ काढला. कार्यक्रमप्रमुखांनी त्यातून श्रोत्यांना धक्का देऊन बदल केला की परतावे लागते असा अर्थ काढला. माझ्या मते दोघांनीही एक फरक दुर्लक्षिला. अमेरिकेत दर पिढीची गाणी बऱ्याच अंशी त्या पिढीची राहतात. आपल्याकडे घरात एकच रेडिओ असे आणि तो वडीलधाऱ्यांच्या हातात असे, त्यामुळे १९७५ साली जन्मलेल्या माणसाला १९५५ ची गाणी स्वतःच्या बालपणाची वाटतात. साडेतेवीस वर्षांचे गणित इथे तेवढे चोख बसत नाही. शिवाय एक तांत्रिक अडचण होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून त्या काळची गाणी आटोपशीर आहेत. नव्वदच्या दशकातली पाच-सहा मिनिटांची गाणी घेतली तर तासाला अकराऐवजी आठ-नऊच बसली असती आणि मधली जाहिरातींची विश्रांती श्रोत्याला अधिक लांब वाटली असती.

तिसरा पर्याय मराठीचा होता. तो सकाळच्या निवेदकांनी मांडला. भावगीते, जुनी चित्रपटगीते, लावण्या, अभंग असे सगळे असताना पश्चिम महाराष्ट्रातील केंद्र अठरा तास फक्त हिंदी का वाजवते, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर चाचणीत होते : मराठी गाणी तपासलीच नव्हती. एवढेच नव्हे, चाचणीसाठी माणसे निवडताना पहिला प्रश्न ‘जुनी हिंदी गाणी ऐकता का’ हा होता. ‘नाही’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवला जाई. त्यामुळे केंद्राला मराठीची मागणी नाही हा निष्कर्ष कोणी काढलेला नव्हता, तो प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत आधीच लिहिलेला होता.

चौथा पर्याय म्युझिक मॅनेजरचा होता : गाण्यांना हात न लावता आधी त्यांचा क्रम तपासावा. हा पर्याय सर्वांत कमी आकर्षक होता आणि त्यावर सर्वांत कमी वेळ गेला. पण त्याला खर्च नव्हता, म्हणून मान्यता मिळाली.

पहिली कृती : फेऱ्याचे गणित

आखणी-प्रणालीत एकच गाणे दुसऱ्या दिवशी त्याच तासात येऊ नये असा नियम घालता येतो. या केंद्रात तो नियम बंद होता, कारण नियम फार झाले की प्रणालीला योग्य गाणे सापडत नाही, जागा रिकाम्या राहतात आणि त्या हाताने भराव्या लागतात. सुरुवातीच्या घाईत कोणीतरी तो बंद केला आणि तो तसाच राहिला. परिणामी ‘अ’ आणि ‘ब’ श्रेणींतील गाणी जवळजवळ सरळ रांगेत, एकामागून एक येत होती.

आता आकडे पाहावेत. अठरा तास, तासाला चार, म्हणजे ‘अ’ श्रेणीच्या रोज ७२ जागा. गाणी ५४. त्यामुळे यादी साडेतेरा तासांत संपून पुन्हा सुरू होई, आणि चार फेऱ्यांत बरोबर तीन दिवस पूर्ण होत. सोमवारी सकाळी साडेदहाला लागलेले गाणे गुरुवारी साडेदहालाच लागे, त्याच्या मागची-पुढचीही तीच. ‘ब’ श्रेणीत १०८ गाणी होती, तीही दोन फेऱ्यांत बरोबर तीन दिवसांवर येत. रोज १० ते १ रेडिओ लावणाऱ्या दुकानदाराला ‘अ’मधली ३६ आणि ‘ब’मधली ३६ अशी ७२ गाणी तीन दिवसांत ऐकू येत आणि चौथ्या दिवशी तीच पुन्हा त्याच क्रमाने सुरू होत. ‘अ’मधली उरलेली १८ आणि ‘ब’मधली ७२ गाणी त्या वेळेत त्याच्या वाट्याला कधी येतच नसत. १०८ हा आकडा कोणी आणि का ठरवला याचे उत्तर कोणाकडे नव्हते. जपमाळेचा प्रभाव असावा, अशी थट्टा बैठकीत झाली.

प्रथम ‘अ’मधून एक गाणे काढून ५३ केली. त्यामुळे गाणे तीन दिवसांनी तासभर अलीकडे सरकू लागले, पण तीन तास ऐकणाऱ्याला ते पुरेसे नव्हते. मग काढलेले गाणे परत घेऊन ‘ब’मधली पाच गाणी ‘अ’त हलवली. ‘अ’ ५९, ‘ब’ १०३. या दोन्ही संख्यांना ७२ शी सामाईक विभाजक नाही, त्यामुळे ‘अ’मधले गाणे नेमक्या त्याच जागी ५९ दिवसांनी आणि ‘ब’मधले १०३ दिवसांनी परतते. मधल्या काळात ते दिवसभर फिरत राहते. एकही नवे गाणे न आणता हा बदल झाला. पुढील काही आठवड्यांत दुकानांतून येणारी तक्रार बरीच कमी झाली. दोन श्रोत्यांनी तर नवी गाणी आणल्याबद्दल आभार मानले.

दुसरी कृती : आवाजांचे अंतर

रांग सुटल्यावर दुसरा दोष दिसू लागला. प्रणालीसोबत आलेला मूळ नियम असा होता की एका कलाकाराचे गाणे तासाभरात पुन्हा नको. हा नियम अमेरिकी केंद्रांसाठी शहाणपणाचा आहे, कारण तिथे दर गाण्यामागे वेगळा गायक किंवा समूह असतो. जुन्या हिंदी गाण्यांत लता, आशा, रफी, किशोर या चार आवाजांतच संग्रहाचा मोठा हिस्सा येतो. नियम पाळला तर प्रणाली अडकते आणि काढला तर लताबाईंची तीन विरहगीते लागोपाठ येतात.

त्यामुळे अंतर मोजण्याची खूण बदलावी लागली. आवाज लागोपाठ दोनदा नको, एवढेच गायकाबाबत ठेवले. खरी बंधने संगीतकार, चित्रपट, पडद्यावरचा नट, ताल आणि भाव यांवर घातली. किशोरकुमारांची दोन गाणी संगीतकार आणि दशक बदलले की एकाच माणसाची वाटत नाहीत, उलट दोन वेगळ्या गायिकांची एकाच संगीतकाराची, एकाच ठेक्यातली गाणी एकसारखी वाटतात. हे जाणकार श्रोत्याला नवे नाही, पण प्रणालीला ते शिकवायचे म्हणजे प्रत्येक गाण्याला हाताने खुणा कराव्या लागतात. हे काम दोघांनी काही आठवडे बसून केले.

याच कामात आणखी एक गोष्ट उघड झाली. संग्रहातील काही फायली मूळ ध्वनिमुद्रणे नव्हत्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ‘झंकार बीट्स’ नावाने ढोलकी आणि यांत्रिक ठेका चढवलेल्या आवृत्त्या, तसेच दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या नकला बाजारात आल्या होत्या. त्यांतल्या काही शिरल्या होत्या. चाचणीत ‘कंटाळा’ नोंदवलेल्या काही गाण्यांच्या बाबतीत कंटाळा गाण्याचा की आवृत्तीचा, हे आता सांगता येत नव्हते. मूळ प्रती मिळवून ती गाणी पुन्हा ‘क’ श्रेणीत घेतली.

तिसरी कृती : चाचणी नव्याने

खरा निर्णायक टप्पा हा होता. जुन्या चाचणीत गुणांची सरासरी काढली जाई. सर्वांनी पाचपैकी तीन गुण दिलेले गाणे सरासरीत वर येते. निम्म्यांनी जीव ओतून पाच दिलेले आणि उरलेल्या निम्म्यांनी न ओळखलेले गाणे बाहेर पडते. जुन्या गाण्यांची केंद्रे कालांतराने गुळगुळीत का होतात, याचे मूळ मला इथे दिसते : श्रोत्याला काय आवडते यापेक्षा कोणालाही काय खटकणार नाही याची निवड होत जाते.

नव्या चाचणीत सरासरीशेजारी गुणांचा फैलावही पाहिला. टोकाची आवड असलेली गाणी, मुख्यतः गझला आणि रागदारीवर आधारलेली, वेगळी काढून रात्री ९ नंतर ठेवली, कारण त्या वेळी ऐकणारा बहुधा एकटा असतो आणि रेडिओ त्याने जाणीवपूर्वक लावलेला असतो. हूक कुठून कापायचा हेही बदलले. पूर्वी सरसकट मुखड्याची पहिली ओळ घेत. आता ज्या गाण्याची ओळख सुरुवातीच्या वाद्यमेळावरून पटते, तिथे वाद्यमेळाचा तुकडा घेतला. निवडीचा पहिला प्रश्न ‘जुनी गाणी ऐकता का’ एवढाच ठेवला आणि हिंदीसोबत मराठी गाणीही तपासली.

मराठी गाण्यांची ओळख हिंदीच्या बरोबरीची निघाली. काही भावगीते आणि अभंग ‘अ’ श्रेणीत जाण्याच्या योग्यतेचे ठरले.

परिणाम

क्रमाच्या दुरुस्तीचा लाभ टिकला. रात्री ९ च्या भागाला स्वतःचा श्रोता मिळाला, मात्र जाहिराती फारशा मिळाल्या नाहीत. सकाळचा भाग सेल्सने त्यासोबत जोडून विकला, म्हणून रात्रीचा भाग चालू राहिला.

मराठीचे काय करायचे यावर मात्र मतभेद झाले. चाचणीचा निकाल स्पष्ट असूनही व्यवस्थापनाने गाणी सर्व तासांत मिसळण्याऐवजी सकाळी ६ ते ७ असा वेगळा तास दिला. मुंबई आणि दिल्लीतून जाहिराती देणाऱ्या संस्था केंद्राला ‘हिंदी जुनी गाणी’ या नावाने ओळखतात, ती ओळख धूसर होऊ नये, हे कारण होते. तो तास लोकप्रिय झाला आणि सराफ, मिठाईवाले, दवाखाने यांच्या जाहिराती तिथे आल्या. पण ७ वाजता भाषा बदलताच काही श्रोते आकाशवाणीकडे जात, असे दुकानांतील विचारपुशीतून कळत होते. लहान कंपन्यांच्या कॅसेटवरील मराठी गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत हे शोधणेही अवघड गेले आणि चाचणीत चांगली ठरलेली काही गाणी त्यामुळे लावता आली नाहीत.

नव्वदच्या दशकाची थोडी गाणी ‘क’ श्रेणीत घेतली. पन्नासच्या दशकाचा वाटा तेवढ्याने घटला, आणि त्यावर कोणी ठरवून निर्णय घेतला असे म्हणता येणार नाही. जागा ठरलेल्या होत्या, त्यामुळे काहीतरी बाहेर पडणारच होते.

काय वेगळे करता आले असते

तक्रार आल्यावर पहिल्या दिवशी तक्रारदाराची ऐकण्याची वेळ विचारून लिहून ठेवली असती, तर तीन दिवसांचा फेरा कितीतरी आधी सापडला असता. नंतर केंद्राने तक्रारवहीत वेळेचा रकाना घातला. आखणीतील बंद केलेल्या नियमांची यादी आणि बंद करण्याचे कारण लिहून ठेवण्याची पद्धतही त्यानंतरच सुरू झाली.

मराठी गाण्यांच्या बाबतीत एक मधला मार्ग उपलब्ध होता आणि तो तपासायला हवा होता. दर तासाला एकच मराठी गाणे, हिंदीतील त्याच संगीतकाराच्या किंवा त्याच गायिकेच्या गाण्याला लागून, सहा आठवडे फक्त दुपारच्या भागात लावून पाहता आले असते. लता, आशा, सुधीर फडके, सी. रामचंद्र ही नावे दोन्ही भाषांत वावरलेली असल्याने सांधा उघडा पडला नसता, आणि जाहिरात संस्थांना दाखवण्यासाठी केंद्राकडे मताऐवजी नोंद असती. म्युझिक मॅनेजरने हा प्रस्ताव लेखी दिला होता. तो पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकावेळी घ्यावा असे ठरले, आणि हे टिपण लिहिताना तो तिथेच आहे.